पायरीवरच्या गप्पा

"बाई, रविवारी मोकळ्या आहात का?"

चौगुल्यांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या दाराच्या पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होते. हात तिथंच थांबला. सदतीस वर्षांच्या बाईला रविवारी मोकळी आहेस का, असं आजवर फक्त दहावीच्या पोरांच्या आयांनी विचारलेलं, तेही जादा तासासाठी. आणि हा माणूस मान खाली घालून, शर्टाच्या बटणाशी चाळा करत विचारत होता. मी मनात म्हटलं, पद्मजा मगदूम, आला गं बाई तो दिवस.

"आहे की," मी म्हटलं. "का हो?"

"कुरुंदवाडला जायचंय."

कुरुंदवाड म्हटल्याबरोबर मला नदीचा घाट दिसला, घाटावर ते, मी आणि त्यांची लेक त्रिशला असे आम्ही तिघं दिसलो, मला काय काय दिसलं विचारू नका.

"एक स्थळ आलंय," ते म्हणाले. "माझ्यासाठी. मुलगी बघायला जायचं. मुलगी म्हणजे तशा मोठ्या आहेत, पस्तिशीच्या. आता आमच्या घरात बाईमाणूस कुणी नाही. बहीण हुबळीला, ती काही यायची नाही. नुसता पुरुषमाणूस जाऊन बसणं बरं दिसत नाही. त्रिशला म्हणते, बाई आल्या तरच मी येते. आणि तुमची पारख चांगली आहे. तुम्ही हो म्हणाल तर हो, नाही म्हणाल तर नाही."

मी पट्टा लावला. तो सुटला. परत लावला.

"येते की," मी म्हटलं. "त्यात काय!"

दुसरं काय म्हणणार होते? नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण सांगायला गेले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

सगळं म्हणजे काय ते आता सांगते. आता लपवून कुणाचं भलं व्हायचंय?

मी सांगलीत घरोघर जाऊन गणित-विज्ञान शिकवायची. बी.एस्सी. झालेली, पण बी.एड. नाही, म्हणून शाळेत कुणी घेतलं नाही. दादा-वहिनींच्या घरात राहायची आणि लूनावरून गावभर हिंडायची. आठवी, नववी, दहावी. ज्या पोराला जेव्हा जमेल तेव्हा. कुणी पहाटे पोहायच्या आधी, कुणी शाळा सुटल्यावर, एक तर दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वडिलांच्या गादीवर बसून बीजगणित शिकायचा. पण एका वेळी एकच पोर, हा माझा नियम. वर्गात साठ जणांत लपता येतं. माझ्यापुढं पोराला लपायला जागाच नसायची.

माझं लग्न झालेलं नव्हतं. मला बघून गेलेल्या लोकांची एक एसटी भरली असती, वर टपावरही चार बसले असते. रंग सावळा, जीभ तिखट, आणि वडील लवकर गेलेले. पुढं पुढं दादानं बघणं सोडलं आणि मी वाट बघणं सोडलं. तसं मला वाटत होतं.

त्रिशला चौगुलेची आई ती आठवीत असताना गेली. नववीत पोरगी गणितात कशीबशी वरच्या वर्गात ढकलली गेली, म्हणून दहावीला मला बोलावलं. वडील धनपाल चौगुले, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. आमच्यासारखंच जैन घर, दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत कडक पाळणारं. त्यामुळं तास असा मधूनच मोडायचा. आधी गणित, मग ऊन कलायला लागलं की स्वयंपाक आणि जेवण, मग उरलेलं विज्ञान. पोरगी एका हातानं भाकरी थापायची आणि दुसऱ्या हातानं पुस्तक धरायची. मला बघवेना. एक दिवस मी तिला बाजूला केलं.

"सरक तिकडं. भाकरी मी बघते, तू सूत्रं म्हण."

"बाई, तुम्ही कशाला?"

"तुझी भाकरी बघून भूमितीलासुद्धा लाज वाटेल. वर्तुळ म्हणजे काय, सांग बरं?"

ती हसली. मी त्या घरात गेल्यापासून पहिल्यांदा हसली. त्या दिवसापासून भाकरी माझ्याकडं आल्या आणि तिसरं ताट मांडलं जायला लागलं. चौगुले कारखान्यातून यायचे, हातपाय धुवायचे, आणि आम्ही तिघं दिवस मावळायच्या आत जेवायला बसायचो. नंतर त्रिशला आत मी दिलेली गणितं सोडवायची आणि मी जरा वारा घ्यायला पायरीवर बसायची. तेही येऊन बसायचे. पायरीच्या दुसऱ्या टोकाला, मर्यादेनं.

आणि बोलायचे. काय सांगू तुम्हाला, किती बोलायचे! कारखान्यातला मुकादम साहेबांसमोर कसा वाकतो त्याची नक्कल करायचे. लहानपणी म्हशीच्या पाठीवरून ओढ्यात पडले ते सांगायचे. पेटी शिकायची होती आणि वडिलांनी ती विकून टाकली, हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. मग मला विचारायचे, "आज कुणी छळलं तुम्हाला?" मी एकेका पोराची तक्रार सांगायची आणि ते खो खो हसायचे. मला दिवसाचं काही विचारणारं माणूस माझ्या आयुष्यात नव्हतं. वहिनी वाईट नव्हती, पण ती जेवलात का म्हणून विचारायची, बास.

बायकोबद्दल मात्र ते कधी चकार शब्द काढत नसत. बाहेरच्या सोप्यात तिचा हार घातलेला फोटो होता. मी समजले, दुःख इतकं खोल आहे की तोंडाला येत नाही. त्यानं तर मी जास्तच विरघळले.

आडपडदा कशाला, मला तो माणूस हवा होता. ती पोर हवी होती, ती चूल हवी होती. लूना काढून परत जायला नको असं एक घर मला हवं होतं. वहिनीच्या ते लक्षात आलेलं. "काय वन्सं, चौगुल्यांकडचं विज्ञान संपतच नाही वाटतं?" असं ती म्हणायची, आणि मी लटकं रागवायची. दिवाळीनंतर तर मला खात्रीच वाटत होती की आता ते विचारणार. आणि त्यांनी विचारलं ते हे असं.

रविवारी आम्ही तिघं एसटीनं निघालो. मी फिकट निळी साडी नेसले होते. चांगली नेसावी तर कुणासाठी, आणि साधी नेसावी तर ती बाई काय म्हणेल, अशा घोळात तासभर गेला होता. गाडीत गर्दी होती. एक म्हातारी जागा करून देत त्रिशलाला म्हणाली, "ये गं बाळ, आईजवळ बस की."  त्रिशला येऊन मला चिकटून बसली. चौगुले खिडकीतून उसाकडं बघत होते. मीही उसाकडंच बघितलं.

कुरुंदवाडचं घर मुलीच्या मामांचं होतं. तिचे आईवडील दोघंही गेलेले. पोहे आले, बिनकांद्याचे. मला माझे सगळे जुने पोहे आठवले. ताट घेऊन बाहेर यायचं, मान खाली, पायाच्या अंगठ्याकडं बघत उभं राहायचं. आता मी बघणाऱ्यांच्या बाजूला बसले होते.

रत्नप्रभा बाहेर आल्या. उंच, हाडकुळ्या, केसांत थोडे पांढरे, चेहरा अगदी शांत. गावातल्या बालवाडीत शिकवायच्या. आई आठ-दहा वर्षं अंथरुणावर होती, तिचं करता करता लग्न राहून गेलं, असं मामा म्हणाले. दोघांचं जुजबी बोलणं झालं. मग मामी मला म्हणाल्या, "चला, आत बसू या. बायकांचं बायकांत बोलणं होईल. तुम्ही नणंद ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी मुलीला शिकवते."

"मग तर घरातल्याच!" मामी म्हणाल्या, मला कुंकू लावलं आणि आम्हा दोघींना खोलीत सोडून चहा बघायला गेल्या.

रत्नप्रभा माझ्यासमोर खाली बसल्या. मग त्याच म्हणाल्या, "ताई, एक विचारलं तर चालेल? तुम्ही रोज जाता त्या घरात, म्हणून तुम्हालाच विचारते."

"विचारा की."

"ते बोलतात का?"

"म्हणजे?"

"माणूस बोलणारा आहे का? आमचे वडील बोलायचे नाहीत. मारलं नाही, ओरडले नाहीत, काही कमी केलं नाही. नुसते बोलायचे नाहीत. आई पडून होती, तर तिला कसं वाटतंय एवढंही त्यांनी कधी विचारलं नाही. ती बिचारी माझ्याशी, नाहीतर मांजराशी बोलायची. मला दागिना नको, मोठं घर नको. दुसरेपणावर जायलाही माझी ना नाही. पण तसलं घर मला नको हो. त्यापेक्षा मी इथंच बरी."

खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं. एवढं म्हणाले असते की जरा घुमेच आहेत हो, तर ते स्थळ तिथंच मोडलं असतं. कुणाला कळलं नसतं. चौगुल्यांनी तर निवाडा माझ्यावरच सोडलेला. घरी जाऊन, नाही पटली मला, म्हणाले की झालं. आणि मग पायरी होतीच, ते होते, मी होते.

पण ती बाई माझ्याकडं अशी बघत होती की माझ्याच्यानं खोटं बोलवेना. आणि मला वाटलं, आपला माणूस, आपणच त्याला नावं ठेवायची?

"बोलतात," मी म्हटलं. "भरपूर बोलतात. हसवतात. दुसऱ्याचं ऐकूनही घेतात. संध्याकाळी पायरीवर बसले की उठायचं नाव नाही."

त्यांचे डोळे भरून आले. "खरंच?"

"खोटं कशाला सांगू?"

परतीच्या एसटीत चौगुल्यांनी विचारलं, "काय वाटलं, बाई?"

"चांगल्या आहेत," मी म्हटलं. "करा."

"बरं," ते म्हणाले आणि तिकिटाची घडी घालत बसले. त्रिशला माझ्याकडं बघत होती. मी बघितलं तशी तिनं मान फिरवली. घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, कसा झाला कार्यक्रम. मी म्हटलं, डोकं दुखतंय, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून मनसोक्त रडले.

लग्न बस्तीतच झालं, साधंसं. आमच्याकडं देवळाला बस्ती म्हणतात. मी गेले, अक्षता टाकल्या, वरणभात खाल्ला. शिकवणी सोडून द्यावी असं हजारदा मनात आलं. पण परीक्षा तोंडावर आलेली, पोरगी नुकती कुठं चालायला लागलेली, तिला अर्ध्या वाटेवर कशी टाकणार? म्हणून जात राहिले. भाकरी आता रत्नप्रभा करायच्या. चौथं ताट मांडू का, असं रोज विचारायच्या आणि मी रोज नको म्हणायची. ते तिघं आत जेवायचे तेव्हा मी सोप्यात पेपर तपासत बसायची. आतून भांड्यांचा आवाज यायचा. बोलण्याचा यायचा नाही. मी म्हणायची, नवीन आहेत, लाजत असतील. जेवण झालं की चौगुले बाहेर यायचे, मला बघून त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मुकादम, म्हैस, कारखाना सगळं सुरू व्हायचं. मी लवकर उठायला लागले. तर ते उभ्या उभ्या बोलायचे, मी लूनाची किल्ली हातात धरून ऐकायची. वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. नाही कशाला म्हणू?

परीक्षेच्या आधीची एक दुपार. रत्नप्रभा बस्तीत गेल्या होत्या. त्रिशलाला मी एक प्रमेय घातलं होतं, आणि ती नुसती पेन्सिल फिरवत बसली होती.

"काय झालं? हे तर तुला झोपेत यायचं."

"बाई, तुम्ही 'नाही' असं का म्हणाला नाहीत?"

"कशाला?"

"कुरुंदवाडला. मला वाटलं होतं, तुम्हाला त्या पसंत पडायच्या नाहीत. तुम्हाला कुणीच पसंत पडलं नसतं असं मला वाटलं होतं. म्हणून तर अण्णांना म्हटलं, बाई हव्यातच."

मला कळलं की ह्या पोरीला माझं सगळं ठाऊक आहे. कान गरम झाले.

"फाजीलपणा पुरे. प्रमेय पूर्ण कर."

"बाई, अण्णांनी आधी तुमचंच विचारलं होतं."

मी तिची वही मिटली.

"दिवाळीत," ती म्हणाली. "मला म्हणाले, बाईंना विचारलं तर तुला चालेल का? एवढं एकच वाक्य. मी म्हटलं, नको. म्हटलं, बाईंना लग्न करायचंच नाही, तुम्ही विचारलंत तर त्या यायच्या बंद होतील. त्यांनी बरं म्हटलं. मग महिन्याभरात हे स्थळ आलं."

"असं मी कधी म्हटलं होतं?"

"नव्हतं म्हटलं. मीच सांगितलं."

"का गं?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मी तुला नको होते?"

ती रडायला लागली. पेन्सिल हातात तशीच. "अण्णा आईशी बोलायचे नाहीत, बाई. कधीच. आई ताट वाढून समोर बसायची. आज हे झालं, आज ते झालं असं सांगत राहायची, आणि ते पेपर वाचायचे. मग तीही बोलायची बंद झाली. पोटात दुखतंय हे तिनं मलासुद्धा किती उशिरा सांगितलं. म्हणाली, सांगून काय करू, कुणी विचारलं तर सांगायचं असतं. तुम्हाला वाटतं ते दुःखानं तिचं नाव काढत नाहीत. त्यांना तिच्याबद्दल सांगायला काही माहितीच नाहीये."

"पण माझ्याशी तर..."

"तुम्ही घरी जाता म्हणून," ती म्हणाली. "पोस्टमनशीपण बोलतात. समोरच्या काकांशी बोलतात. जे उंबऱ्याबाहेर आहेत त्या सगळ्यांशी बोलतात. घरातलं माणूस झालं की संपलं. माझ्याशी तरी कुठं बोलतात? तुम्ही होतात म्हणून जेवताना बोलायचे. तुम्ही आत आला असतात तर वर्षाभरात आईसारख्या झाला असतात. मला ते परत बघायचं नव्हतं."

पंधरा वर्षांची पोर. तिला एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी पोटाशी धरावीशी वाटली.

"मला विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता."

मी खिडकीतून फाटकाकडं बघितलं.

"आणि रत्नप्रभा? त्यांचा नाही विचार आला?"

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "त्यांना मी ओळखत नव्हते ना, बाई. तुम्हाला ओळखत होते."

फाटक वाजलं. रत्नप्रभा बस्तीतून आल्या होत्या. त्रिशलानं झटकन वही पुढं ओढली. मी तिला पुढचं प्रमेय दिलं आणि वारा घ्यायचं निमित्त करून पायरीवर जाऊन बसले. ऊन समोरच्या भिंतीवर चढलं होतं, आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. जरा वेळानं तो थांबला आणि रत्नप्रभा पिठाच्या हातानंच बाहेर आल्या. पायरीच्या कडेला बसल्या. चौगुले बसायचे तिथंच.

"ताई, रागावणार नसाल तर एक विचारते."

"रागवायचं काय त्यात?"

"ते आले की तुमच्याशी बोलतात ना, मी आत उभी राहून ऐकते. चोरून नाही, ऐकूच येतं. तो मुकादमाचा किस्सा मला फार आवडला." त्या जराशा हसल्या. "मग ते आत येतात. मी म्हणते, मुकादमाचं काय झालं हो पुढं? तर म्हणतात, काही नाही. मी म्हणते, आज दमलात का, तर हं. तुम्ही खोटं सांगितलं नव्हतंत, मी रोज बघते की. बोलतात. म्हणजे माझंच काहीतरी चुकत असणार."

"तुमचं काही चुकत नाही," मी म्हटलं.

"नाही कसं? चुकतंय. तुम्ही सुरुवात कशी करता? काय विचारता आधी? मला जमत नाही ते." त्यांनी हाताचं पीठ हातानंच चोळून काढलं. बोलताना त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "तुम्ही एवढ्या पोरांना शिकवता. मलाही शिकवा की, ताई."

मी आयुष्यात शेकड्यानं पोरं शिकवली. कच्ची, हुशार, आळशी, रडवी. शिकवता येणार नाही असं मी कुणालाही म्हटलं नव्हतं. मी त्यांचा पिठाचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

तेवढ्यात चौगुल्यांची सायकल फाटकाशी आली. रत्नप्रभा लगबगीनं उठल्या, डोळ्यांना पदर लावत आत गेल्या. चौगुल्यांनी सायकल भिंतीला लावली. मला पायरीवर बघितलं आणि चेहरा कसा उजळला! त्या चेहऱ्यासाठी मी सहा महिने भाकरी थापल्या होत्या.

"बाई! बरं झालं अजून आहात. आज काय गंमत झाली माहितीये? तो मुकादम..."

"चौगुलेसाहेब," मी उभी राहत म्हटलं, "आत जाऊन सांगा. त्या वाट बघताहेत."

ते थांबले. दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मस्करी नव्हती, राग नव्हता. माणूस खरोखरच बुचकळ्यात पडला होता.

"आत?" ते म्हणाले. "आत काय सांगायचं?"

दाराच्या मागं बांगड्या हलल्या. रत्नप्रभांनी ऐकलं होतं. मी मग थांबले नाही. त्रिशलाला हाक मारून सांगितलं की उद्यापासून मी सकाळी येईन, अण्णा कारखान्यात गेल्यावर. परीक्षेपर्यंत तशीच गेले. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली, पुढं पुण्याला शिकायला गेली. मी त्या गल्लीतून नंतर कधी लूना नेली नाही.

पण त्या दिवशी, घरी जाताना, रस्ताभर रडत होते. समोरचं धड दिसत नव्हतं, एक टांगेवाला शिव्या देऊन गेला. त्या बाईसाठी रडले असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. तिच्यासाठीही रडले असेन. पण त्रिशलानं सांगितलेलं सगळं कळल्यावर, तो हात हातात घेतल्यावर, ते वाक्य माझ्या कानांनी ऐकल्यावरसुद्धा, मागून चौगुल्यांनी एक हाक मारली असती आणि विचारलं असतं, तर मी त्या उंबऱ्याच्या आत गेले असते.